वाशिम ते अनुराधापूर, टप्प्याटप्प्याने

सुरुवातीलाच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. वेलांटी कोणती द्यायची हे मी अजून अंदाजानेच ठरवते, आणि अक्षर असं की चिठ्ठी दिली की किराणावाला ती मलाच वाचायला लावतो. पण बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं. लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं.

लिहायचं कारण असं की आमच्या विहारातल्या बायका आता श्रीलंकेला जायचं ठरवत आहेत. त्यातल्या काही जणी माझ्याकडे येऊन गेल्या. "ताई, तू जाऊन आली ना, सांग ना काय काय पाहा लागते?" चार जणी समोर बसल्या की माझी जीभ टाळूला चिकटते. "छान आहे," एवढंच बोलले आणि चहा ठेवायला उठले. त्या गेल्यावर वाटलं, पाहण्यासारख्या जागा लिहून काढू. दाखवायचं की नाही ते पुढे बघू.

पण लिहायला बसले तर अनुराधापूरच्या आधी कंडक्टर काकाच दारात उभे राहतात. त्यांना बाजूला सारून मला लंका सांगता येत नाही.

काका माझे घरमालक. मूळचे केनवडचे. सगळी नोकरी एसटीत गेली, कधी कारंजाच्या गाडीवर, कधी रिसोडच्या. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. अंगणाच्या एका बाजूला त्यांच्या दोन खोल्या, दुसऱ्या बाजूला माझी एक. मी खानावळीत पोळ्या लाटते. नवरा गेल्यावर इंझोरीहून वाशिमला आले, तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला लोक का-कू करत होते. काकांनी एकच प्रश्न विचारला, "सामान किती हाये?"

"एक पेटी, एक शेगडी."

"मंग चढ," म्हणाले.

काका बसत नसत. आयुष्य उभ्याने गेलेलं, त्यामुळे बोलतानाही पाठ खांबाला टेकवायची, एक पाय पुढे रोवायचा आणि जमीन हलत असल्यासारखं उभं राहायचं. काठोकाठ भरलेला चहाचा कप ते उभ्यानेच प्यायचे, थेंब सांडत नसे. मी सकाळी कामाला निघाले की पाण्याच्या ड्रमवर दोन टिचक्या वाजवायचे. दोन म्हणजे जा. एक वाजली की थांबायचं, काहीतरी काम असायचं. गर्दी दिसली की त्यांचा हात आपोआप वर जायचा. विहारात वंदना चालू असताना मागून आवाज यायचा, "चला, पुढं सरका, पुढं जागा हाये." आणि लोक सरकायचे, हे विशेष.

सगळं मोजमाप टप्प्यात. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. काकांचा भाजीबाजार अर्ध्या टप्प्यावर होता. कोणी वय विचारलं तर म्हणायचे, "बारावा टप्पा चालू झाला."

आणि लंका. माणूस कधी नागपूरच्या पलीकडे गेला नव्हता, पण लंकेचा रस्ता तोंडपाठ. आमच्याकडे कोणी भन्तेजी लंकेला जाऊन आलेले असले, की लोक त्यांना धम्माचं विचारत. काका विचारत, "रस्ता कसा हाये? गाडी कुठी थांबते? जेवाले कुठी उतरोते?" मग संध्याकाळी अंगणात उभं राहून सगळ्या गल्लीला सांगायचे. "कोलंबो ते कँडी काई दूर नाही. इथून अकोल्याले जाय, चहा पे, अन् अजून सहा टप्पे पुढं. आली कँडी."

शेजारचे टेलर चाचा मशीनवरून मान न उचलता म्हणायचे, "कंडक्टर साब, टिकट तो रोज फाडते हो. गाडी कब छूटेगी?"

समोरची मावशी तर तोंडावरच बोलायची. "रिसोडच्या पुढं पाय नाही टाकला अन् लंका सांगून राह्यला."

काका तेवढ्यापुरते हसायचे. एकदा मात्र मला म्हणाले, "मी जिंदगीभर लोकाइले त्याइच्या गावाले नेऊन सोडलं. मी मातर रोज डेपोतच उतरलो."

मग विहाराची सहल निघाली. काकांनी पहिलं नाव आपलं दिलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर एक टिचकी वाजवली.

"बाई, तू येतं का लंकेले?"

मला वाटलं थट्टा आहे. "काका, माह्याजवळ एवढे पैसे कुठी हायेत?"

"मी भरतो. तू टप्प्याटप्प्यानं दे."

"पण मलेच काहून?"

"हे पाय. मी एकटा जाऊन आलो, अन् इथं येऊन सांगतलं, तर हे मावशी म्हणन का कंडक्टर नागपुरात लॉज घेऊन झोपला होता. मले साक्षीदार पायजे. तू सालभरात चार वाक्यं बोलतं. तू हो म्हटलं का लोक मानतीन."

आणि लगेच पुढचं ऐकवलं. "अन् फुकट नेऊन राह्यलो असं समजू नको. माह्या गाडीत फुकट कोणी बसलं नाही. माही बायकोबी तिकीट काढे." हे खरं होतं, गल्लीत सगळे सांगतात. त्यांची बायको केनवडला जायची ती कमरेच्या पिशवीतून पैसे काढून. पैसे त्यांचेच, पण तिकीट काढायचं.

बातमी नळावर पोचली. मावशी हंडा भरता भरता म्हणाली, "भाडं घ्याचं सोडून भाडेकरणीले लंकेले नेऊन राह्यला. आता कोण मागन अन् कोण देईन." सहलीत विहारातल्या आठ-दहा बायका होत्या, त्यामुळे बाकी कोणी काही बोलायला जागा नव्हती. पण मावशीचं ते वाक्य माझ्या अंगाला चिकटलं. एकट्या बाईच्या नावाला एकदा 'फुकट' लागलं की ते निघत नाही. मी तेव्हाच ठरवलं, एक रुपया ठेवायचा नाही.

आता जागा सांगते.

सगळ्यात आधी अनुराधापूर. तिथे पांढरे कपडे घालून जातात, बाया, माणसं, लेकरं, सगळे. आम्ही आमच्या पौर्णिमेच्या पांढऱ्या साड्या नेल्या होत्या. बसमधून उतरलो आणि त्या गर्दीत मिसळून गेलो. एका म्हाताऱ्या बाईने मला तिकडच्या भाषेत काही विचारलं, मीही मान हलवली, आणि ती समाधानाने निघून गेली. काय विचारलं होतं कोण जाणे. महाबोधीचं झाड पाहाच. त्याच्या फांद्यांना सोन्याच्या रंगाचे टेकू दिले आहेत, म्हाताऱ्या माणसाच्या काखेला हात द्यावा तसे. फूलवालीकडून कमळाच्या कळ्या घ्या. ती पाकळ्या आत दुमडून कळी उघडायला शिकवते, भाषा लागत नाही. दुपारी जाऊ नका. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दगड तव्यासारखा तापतो. आम्ही पांढऱ्या स्तूपाभोवती वंदना म्हणत चक्क पळत होतो.

काका झाडाकडे पाहत राहिले. अशोकाच्या लेकीने ही फांदी गयेहून आणली हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. काका म्हणाले, "कुठी गया अन् कुठी हे. थेट गाडीबी नसन तवा."

सहलीच्या बसमध्ये एक टाय लावलेला पोरगा माईकवर माहिती सांगायचा. काका दाराशी उभे. ड्रायव्हर पहिल्या दिवशी वैतागला. तिसऱ्या दिवसापासून मात्र काकांनी काचेवर दोनदा वाजवल्याशिवाय तो गाडी हलवेना.

अनुराधापूरहून मिहिंतले दोनच टप्पे. तिथे जायला एक दुपार मोकळी होती आणि काकांना तिकडच्या लाल सरकारी बसमध्ये बसायचं होतं. मी आणि आणखी दोघी त्यांच्याबरोबर गेलो. बस भरलेली. पुढच्या दोन सीट मात्र रिकाम्या, वर तिकडच्या अक्षरात काही लिहिलेलं. काकांनी एका नजरेत ओळखलं. "राखीव सीट हाये. आमदाराची असन. आमदार कधी यष्टीनं येते का? बस तू." आमच्याकडे खरंच त्या सीटवर कोणीही बसतं, लेकरं घेऊन, कोंबड्या घेऊन. मी बसले. आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघत होते, मला वाटलं साडीकडे बघतात.

पुढच्या थांब्यावर एक म्हातारे भन्तेजी चढले. सगळी बस सावरून बसली. तिकडच्या कंडक्टरने मला हाताने खूण केली. तेव्हा कळलं, ती सीट भिक्खूंची. मी अशी उठले की डोकं वरच्या दांडीला लागलं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे पाठ असतं तेच निघतं. मी हात जोडले आणि म्हणाले, "ओकास, वंदामि भन्ते."

भन्तेजींनी माझ्याकडे पाहिलं आणि पालीतच आशीर्वाद दिला, "सुखी होतु."

मागच्या सीटवरच्या तिकडच्या दोन बायका हसल्या आणि सरकून मला जागा दिली. त्यातली एक हळू आवाजात "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणू लागली. चाल वेगळी, शब्द आमचेच. मी तिच्या चालीत म्हणायचा प्रयत्न केला, ती माझ्या. मिहिंतले येईपर्यंत आम्ही दोघी तेवढंच म्हणत होतो, आणि एवढं बोलणं मी वाशिममध्ये सहा महिन्यांत केलं नसेल.

काका मात्र मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. प्रवाशाला चुकीच्या सीटवर बसवलं, हे त्यांच्या सगळ्या नोकरीत झालेलं नव्हतं. उतरताना त्यांनी तिकडच्या कंडक्टरला सलाम केला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दोनदा म्हणाले, "माही चूक. माही चूक." त्याने काकांचा हात हातात घेऊन दाबला. त्याला काय कळलं कोणास ठाऊक, पण बस सुटताना त्याने काकांकडे बघून पत्र्यावर थाप मारली. हा किस्सा काकांनी परत आल्यावर कोणालाही सांगितला नाही. बाकी सगळे दुप्पट करून सांगितले.

परत आल्यावर माझी साक्ष झाली. मावशीने विचारलं, "खरंच गेला होता का तो?"

"हो."

"समुद्र पाह्यला?"

"हो."

"त्यानं पाह्यला?"

"हो."

चाचा म्हणाले, "बस, मान गए." काका मात्र माझ्यावर नाराज. "अवो, एवढ्या पैशात जरा जास्त बोलाचं होतं."

मग फेड सुरू झाली. काकांनी सहलीच्या सगळ्या खर्चाचे टप्पे पाडले होते. महिन्याचा पगार झाला की मी अंगणात जायची, काका खांबाला टेकलेले असायचे.

"कुठवर?"

"कँडीपर्यंत."

"कँडीत काय पाह्यलं ते सांग पह्यले."

असं प्रत्येक वेळी. पैसे नुसते घेत नसत. मग मी सांगायची: कँडीला तळं आहे, तळ्याच्या काठी दंतधातूचं विहार आहे, तिथे बुद्धांचा दात ठेवलेला आहे. पूजेच्या वेळेला जायचं, तेव्हा ढोल वाजतात आणि छोटं दार उघडतं. दात दिसत नाही, सोन्याची पेटी दिसते, तीही क्षणभर. रांग मोठी असते. "ते रांग कोणं हालवली?" काका विचारायचे. तीही गोष्ट खरी, काकांनी तिथे मराठीतून "पुढं सरका" म्हटलं होतं आणि माणसं सरकली होती.

दांबुल्लाच्या टप्प्याला मी गुहा सांगितल्या. आत पाय गार पडतात, छतावर रंगवलेलं असं की डोक्यावर कोणी छापील चादर ताणली आहे. माकडं हातातली फुलं नेतात. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, आमच्यातल्या एकीला रखवालदार रागावला. डोंगराळ भागात चहाचे मळे आहेत, तिथे थंडी वाजते, शाल ठेवा. गालला किल्ल्याच्या भिंतीवर संध्याकाळी जा. तिथे पाहायचं असं काही नाही, नुसतं बसायचं आणि समुद्र ऐकायचा. खायला शेवयांच्या चकत्या मिळतात, वाफवलेल्या, आपल्या कुरडईच्या मावशीच म्हणा. नारळाच्या चटणीबरोबर दोन वेळा मागून घेतल्या.

सिगिरियावरून भांडण झालं. एकच उभा खडक, खाली सिंहाचे दोन पंजे, त्यातून पायऱ्या. मी पंज्यापर्यंत गेले आणि वर बघून खाली बसले. म्हणून मी काकांना म्हटलं, अर्ध्याच चढले, अर्धेच घ्या. काका म्हणाले, "तिकीट डोंगराचं होतं. तू मधात बसली ते तुह्यं." पूर्ण घेतले.

कॉलेजच्या सुट्ट्यांत खानावळ बंद पडली. दोन महिने माझ्याकडे पीठ आणण्यापुरते पैसे होते. महिना संपला तशी मी अंगणात जायचं टाळू लागले. ड्रमवर एक टिचकी वाजली. मी खाली मान घालून उभी राहिले.

"कुठवर?"

"काका, या महिन्यात..."

"गाडी बंद पडली," काका म्हणाले. "रस्त्यात गाडी बंद पडली तर पॅसेंजरची चूक नसते. झाडाखाली बस. गाडी चालू झाली का सांगतो." आणि खानावळ उघडेपर्यंत त्यांनी विषय काढला नाही. कोणी हेच दुसऱ्या तऱ्हेने म्हटलं असतं तर मला रडू आलं असतं. मला हसू आलं.

कोलंबो झालं, समुद्र झाला, विमान झालं. परतीचा चेन्नई ते वाशिम एवढाच रस्ता फेडायचा राहिला होता, तेव्हा काकांचा गुडघा गेला. मुलगा गाडी घेऊन पुण्याहून आला. बाबांना आता एकटं ठेवायचं नाही, चार दिवसांत निघायचं. मुलगा चांगला आहे, माझ्याशी नेहमी मानाने बोलतो. फाटकापाशी मला म्हणाला, "ताई, ते पैसे आता राहू द्या. बाबांनी दिलेच समजा."

समोर मावशी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "चाल बाई, बरं झालं. सुटली."

आतून काकांचा आवाज आला. एवढ्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "बाईनं वाशिमचं तिकीट काढेल हाये. तू कोण रे तिले मधात उतरवणारा?"

"बाबा, मी तर तिच्याच भल्यासाठी..."

"तिचं भलं तिले कयते."

त्यानंतर दोन दिवस ते मुलाशी बोलले नाहीत.

मी खानावळवाल्याकडे गेले. पगाराला अजून वेळ होता. मी म्हटलं, "दादा, मले पगार आज पायजे." त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, कोण बोललं म्हणून. मी पुन्हा म्हटलं. त्याने गल्ला उघडला. तरीही कमी पडत होते. मग स्वयंपाकाचे ठेके घेणाऱ्या एका बाईंकडे गेले. ओळख नव्हती. दारात उभं राहून मी स्वतःहून सांगितलं, मला पुरणपोळ्या चांगल्या येतात, काम असेल तर द्या, पैसे त्याच दिवशी लागतील. दारापाशी जाईपर्यंत तीनदा परत फिरले होते. त्यांच्याकडे एका घरभरणीच्या जेवणाचं काम होतं. दिवसभर लाटल्या. हाताला पुरणाचा वास दुसऱ्या दिवशीही होता.

निघायच्या सकाळी गाडी फाटकापाशी लागली. मागे गाद्या, पुढे मुलगा. चाचा मशीन थांबवून बाहेर आले होते. मावशी समोरच्या दारात सूप घेऊन होतीच. काका मुलाने आणलेल्या नव्या पायजम्यात, काठी धरून, खांबाला टेकून उभे होते. मी जाऊन समोर उभी राहिले.

"कुठवर?"

"वाशिम," मी म्हणाले. एवढ्या लोकांत, मोठ्याने.

त्यांनी पैसे घेतले, अंगठा ओला केला, मोजले. परत मोजले. "दहा जास्त हायेत."

"राहू द्या काका."

"कायले राहू देऊ?" त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला, मग पायजम्याचा. नव्या पायजम्याला खिसाच नव्हता. "दे रे दहा रुपये."

"बाबा, उशीर होतोय. मी ताईंना फोनवरून टाकतो."

"रोख दे."

मुलाने गाडीत शोधले, सीटखाली शोधले, शेवटी चाचांकडून सुट्टे करून दहाची नोट आणली. काकांनी ती माझ्या हातावर ठेवली. मग रस्त्यापलीकडे बघून म्हणाले, "मावशी, पाह्यलं ना? बाईचे पैसे पुरे आले."

मावशीने सूप बाजूला ठेवलं.

"पाह्यलं बापा," ती म्हणाली. "सगळे आले."